मधल्या सुट्टीपर्यंतची नोकरी

गारगोटीच्या एका खाजगी हायस्कुलात मुबशिरा गणित शिकवायची. सात वर्षं झाली होती. त्यातली शेवटची तीन वर्षं दहावी अ ची वर्गशिक्षिकाही तीच. जानेवारीत तिला मुलगी झाली, शाहिस्ता. बाळंतपणाची रजा जुलैच्या मध्यावर संपत होती आणि पोर अजून बाटलीला तोंड लावत नव्हती. वाटी, चमचा, बोंडलं, सासूबाईंनी सगळं करून पाहिलं. शाहिस्ता ओठ घट्ट मिटायची आणि आईचा आवाज येईल तिकडं मान वळवायची.

"अकरा ते पाच म्हंजे लई झालं," सासूबाई, नजीरा, म्हणाल्या. "दोनपर्यंत मी कशीबशी धरीन तिला. त्याच्या फुडं माझं काय चालायचं न्हाय."

नवरा अल्ताफ पाण्याच्या मोटारींची दुरुस्ती करायचा. शाळेच्या संस्थेचे सचिव गणपतराव त्याचं जुनं गिऱ्हाईक. "मी घालू का त्यांच्या कानावर?" त्यानं विचारलं.

"मोटारीचं तुम्ही बोला," मुबशिरा म्हणाली. "शाळेचं माझं मी बोलते."

रजा संपायच्या दहा दिवस आधी ती शाळेत गेली. मुख्याध्यापिका संयोगिता मॅडमनी आधी बाळाचा फोटो मागून घेतला, कौतुक केलं, चहा सांगितला. मग मुबशिरानं विषय काढला. मधल्या सुट्टीपर्यंतचे चार तास, पगार अर्धा, बाळ वरचं खायला लागेपर्यंत.

मॅडमनी कप खाली ठेवला. "आपल्याकडं असं न्हाय, मुबशिरा. एकीला दिलं की उद्या चौघी दारात येतील. आणि आम्ही न्हाय दिवस काढले? माझा यशराज तीन महिन्यांचा असताना मी हजर झालीय."

"मग कसं जमलं, मॅडम?"

तिनं खोचून विचारलं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मॅडम खिडकीतून पोरांची कवायत बघत राहिल्या.

"कसं जमायचं," शेवटी त्या म्हणाल्या. "पंधरा दिवसांत दूध आटलं. स्टाफरूमच्या मागं मोरी हाय न्हवं, तिथं जाऊन पिळून टाकायची मी."

चहा तसाच राहिला. थोड्या वेळानं मॅडमनी ड्रॉवरमधून कोरं वेळापत्रक काढलं आणि तिच्यापुढं सरकवलं. "ह्यात बसवून दाखव. एक तास रिकामा राहता कामा नये आणि स्टाफमधल्या कुणाची तक्रार येता कामा नये. मग गणपतरावांशी मी बोलते."

घरी पोर मांडीवर झोपवून मुबशिरा त्या चौकोनांवर पेन्सिल चालवत बसली. नववी-दहावीचं गणित मधल्या सुट्टीआधी बसत होतं, पण एका अटीवर. निशिगंधाचे विज्ञानाचे तास सुट्टीनंतर न्यावे लागत होते. निशिगंधा शाळेतली सगळ्यात नवी शिक्षिका. राधानगरीच्या बाजूच्या एका खेड्यातून रोज एसटीनं यायची.

दुसऱ्या दिवशी मुबशिरानं तिला स्टाफरूममध्ये गाठलं. कागद बघून निशिगंधाचा चेहरा उतरला.

"ताई, सहा महिने तुमचं दहावीचं गणित मीच घेतलं. माझा विषय नसताना. घरी बसून गणितं सोडवायची आणि सकाळी वर्गात जायचं. तवाबी मला कुणी विचारलं न्हाय, आणि आता तुम्हीबी पेन्सिलीनं ठरवूनच आलाय."

मुबशिरानं कागद दुमडला. सहा महिन्यांत तिनं निशिगंधाला एक फोन केला नव्हता. वर्ग कुणीतरी घेत असेल, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

"चुकलंच माझं," ती म्हणाली. "आधी तुला विचारायला पायजे होतं. हे राहू दे. तुला नको असेल तर मी दुसरं काहीतरी बघते."

दुसरं बघण्यासारखं काही नव्हतं. त्या रात्री तिनं राजीनाम्याच्या चार ओळी वहीच्या पानावर लिहून पाहिल्या आणि वही मिटून ठेवली.

दोन दिवसांनी निशिगंधाचाच फोन आला. एसटीच्या स्टँडवरून बोलत होती, मागं कंडक्टरची आरडाओरड चालली होती.

"ताई, आजबी गाडी पाऊण तास उशिरा. पावसात रोज हेच. पहिला तास बुडतो आणि मस्टरवर लाल शेरा पडतो. तुम्ही सुट्टीआधीचे तास घ्या, मी नंतरचे घेते. पण एक सांगू का? दहावीचं वर्गशिक्षकपण माझ्याकडंच राहू दे. पोरांची सवय झालीया मला."

हे मात्र मुबशिराला लागलं. दहावी अ म्हणजे तिची शाळा होती. कुणाच्या घरी काय चाललंय, कोण उपाशी येतं, कोण भूमितीला घाबरतं, सगळं तिला पाठ असायचं. पण ही पोरं नवी होती. ती ज्यांना ओळखत होती ती मार्चमध्ये परीक्षा देऊन गेली. ह्यांना जूनपासून निशिगंधानंच सांभाळलं होतं.

"ठेव तुझ्याकडं," ती म्हणाली.

गणपतराव भले गृहस्थ होते, पण नवीन काही म्हटलं की त्यांच्या कपाळावर आठी पडायची. त्यांनी वेळापत्रक दोनदा वाचलं. मग संयोगिता मॅडमकडं बघितलं. मॅडम म्हणाल्या, "तासबी बुडत न्हाईत आणि बाईबी जात न्हाई. दहावीला गणिताची बाई जुलैत कुठनं आणायची, साहेब?"

"दिवाळीपर्यंत," गणपतराव म्हणाले. "त्याच्या फुडचं फुडं बघू."

"चालेल," मुबशिरा म्हणाली. "पण माझी सेवा खंडित धरणार नाही, आणि नंतर पूर्णवेळ परत घ्याल, एवढं लिहून द्या."

"आमच्या शब्दावर इश्वास न्हाय व्हय?"

"हाय की, साहेब. पण उद्या तुमच्या जागी दुसरं कुणी आलं तर त्यांना तुमचा शब्द कसा दाखवू?"

गणपतरावांनी तिच्याकडं रोखून बघितलं, आणि त्यांना हसूच आलं. त्यांनी क्लार्कला हाक मारली.

पहिल्या दिवशी चार तास कसे गेले तिला कळलं नाही. घंटा झाली आणि पोरं डबे घेऊन व्हरांड्यात पळाली. स्टाफरूममध्ये सगळ्या जेवायला बसत असताना एकटीनं पर्स उचलणं अवघड वाटत होतं. निशिगंधा नुकताच एक तास आटपून आली होती. "जावा ताई, रिक्षा मिळायची न्हाय," ती म्हणाली आणि पुढच्या तासाच्या वह्या जुळवू लागली.

मुबशिरा घराच्या बोळात जवळजवळ पळतच शिरली. दूध भरून छाती दुखत होती. दारातच नजीरांनी ओठांवर बोट ठेवलं.

"आत्ता झोपली. लई रडली, मग माझ्या बोटावरनं चार थेंब नाचणीचं सत्त्व चाटलं तिनं. उठंल अर्ध्या घटकेत." त्यांनी तिच्या हातातली पर्स काढून घेतली. "पळत आलीस व्हय? बस. तवा तापलाय."

मुबशिरा पाय पसरून भिंतीला टेकून बसली. सासूनं गरम भाकरी ताटात टाकली, वर वांग्याची भाजी वाढली. पाळण्याकडं कान ठेवून तिनं पहिला घास घेतला.