बाईंच्या पापण्या आणि बिनसाखरेची बिस्किटं

दातांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलाशी बसणाऱ्या बाईंचा स्वभाव अगदी हसरा, पण चेहरा मात्र नुकतंच कुणाला तरी पोचवून आल्यासारखा. दोष सगळा पापण्यांचा. वयाबरोबर त्या अशा ओघळल्या होत्या की बाई फोनवर खिदळत असल्या तरी बघणाऱ्याला वाटे, बातमी वाईट आहे. आधीच भीतीनं अर्धमेले झालेले पेशंट दार ढकलत, बाईंचं तोंड बघत आणि "दुखायचं थांबलं वाटतं" असं पुटपुटत आल्या पावली परत जात.

शेवटी डॉक्टरांनी घसा खाकरला. "बाई, तुम्ही आतल्या खोलीत बसून फोन घेत जा. पुढे दुसरं कुणीतरी बघतो."

बाईंना ते फार लागलं. माणसांशी चार शब्द बोलायला मिळतात म्हणून तर त्या नोकरी करत होत्या. आत काय कवळ्यांच्या साच्यांशी गप्पा मारायच्या? डॉक्टरांकडून थोडी मुदत मागून त्यांनी तडक प्लास्टिक सर्जन गाठला.

"पापण्या उचलता येतील," सर्जन म्हणाला. "पण तुम्हाला डायबेटिस आहे. साखर अशी चढलेली असताना कापलं, तर जखम लवकर भरायची नाही, वर पू व्हायची भीती. आधी साखर खाली आणा. आणि आदल्या दिवशी उपाशी राहून फसवायला जाऊ नका, मी तीन महिन्यांची सरासरी बघतो."

बाई हट्टाला पेटल्या. गोड बंद, गोळ्या वेळच्या वेळी, लिफ्टकडे ढुंकूनही बघणं नाही. कडू चहाला आधार एकच. त्यांचा नवरा बेकरीवाला, आणि तो खास बायकोसाठी बिनसाखरेची बिस्किटं करायचा. काय बिस्किटं! जिभेवर ठेवली की विरघळावीत. खरं तर तिथेच मनात पाल चुकचुकायला हवी होती. पण बिस्किटावरून नवऱ्यावर कोण संशय घेतं?

तीन महिन्यांनी साखर होती तिथेच ठाण मांडून बसलेली.

"खाता तरी काय?" सर्जननं विचारलं. बाईंनी पर्समधून बिस्किट काढून दिलं. त्यानं एक खाल्लं, मग दुसरं मागून घेतलं आणि तेही संपवून म्हणाला, "यात साखर नसेल तर मी सर्जन नाही."

बाई तरातरा बेकरीत गेल्या. "अहो, खरं सांगा, साखर घालता?"

"थोडीशी," बेकरीवाला पिठाचे हात ॲप्रनला पुसत म्हणाला. "अगं, पहिला घाणा बिनसाखरेचाच काढला होता. तोंडात घालवेना. माझ्या भट्टीतून असला माल निघाला तर मी लोकांना तोंड कसं दाखवू?"

"तुमचं तोंड राहू द्या! माझ्या तोंडापायी माझी खुर्ची चाललीय!"

आणि बाई रडायला लागल्या. पंचाईत अशी की, चेहऱ्यात काडीचा फरक पडेना. टेबलावरच्या मैद्यात टपटप थेंब पडायला लागले तेव्हा कुठे बेकरीवाल्याच्या लक्षात आलं, आणि त्याचा जीव गलबलला. "चुकलो गं," तो म्हणाला. "कारागिरीच्या तोऱ्यात तुझाच घात करत होतो."

त्यानंतरची बिस्किटं खरोखरच बिनसाखरेची निघाली. पायावर पडली तर पाय सुजावा अशी. प्रायश्चित्त म्हणून तोही तीच खायचा. डॉक्टरांनी कुरकुरत मुदत वाढवली, साखर मुकाट्यानं खाली आली आणि पापण्या वर गेल्या. जरा जास्तच वर गेल्या.

टाके निघाले, सूज उतरली आणि बाई कामावर आल्या. पहिलाच पेशंट गालाला हात लावून आत शिरला आणि त्यांच्याकडे बघून दारातच थिजला.

"का हो? आत काही भयंकर पाहिलंत का?"

"छे हो!" बाई म्हणाल्या. "डोळे नवे आहेत. अजून सवय व्हायचीय." आणि त्या हसल्या. हे हसू ओठांवरून निघालं ते थेट डोळ्यांत जाऊन पोचलं, आणि कितीतरी वर्षांनी ते समोरच्याला दिसलं. पेशंटही हसला, हसता हसता कळवळला आणि बाकावर बसला.

डॉक्टरांनी दार किलकिलं करून पाहिलं. पेशंट चक्क बसला होता. त्याचा विचार बदलायच्या आत त्यांनी त्याला दंडाला धरून आत नेलं, आणि जाता जाता बाईंना दटावलं, "खबरदार त्या खुर्चीवरून उठाल तर!"