काकांचा हिरवा दिवा

“आई, नुसता उंदीर हलवत राहायचं. बाकी कशाला हात लावायचा नाही,” पायात चप्पल सरकवत काका म्हणाले.

“मला शिकवू नकोस. परवा दुपारी तू घोरत पडला होतास, तेव्हा कोणी सांभाळला होता तुझा दिवा?”

काकांनी आईला बगलेत हात घालून उठवलं, टेबलापुढच्या ऑफिसच्या चाकाच्या खुर्चीत बसवलं आणि तिचा हात माऊसवर नेऊन ठेवला. आईचे गुडघे कामातून गेले होते. साध्या खुर्चीतून ती टेबलाला धरून कशीबशी उठायची, पण ही चाकाची खुर्ची जरा रेटा दिला की मागे पळायची. तिच्यातून उठायचं तर कुणीतरी हात द्यायलाच हवा. हे काकांना चांगलं ठाऊक होतं. “आलोच,” म्हणून त्यांनी दार ओढून घेतलं.

काका म्हणजे कुणाचे सख्खे काका नव्हेत. मिक्सर बनवणाऱ्या कंपनीच्या तक्रार विभागात ते सगळ्यांत जुने. बाकीची सगळी पोरंसोरं, त्यांनीच हे नाव पाडलं आणि मग साहेबापासून शिपायापर्यंत सगळे काका म्हणू लागले. पुढे कंपनीने ऑफिसची जागा सोडली आणि तक्रार विभागाला घरी बसून काम करा म्हणून सांगितलं. प्रत्येकाच्या घरी एकेक चाकाची खुर्ची आली. काकांच्या दोन खोल्यांत ती खुर्ची आल्यावर कपाटाचं एक दार उघडेनासं झालं, पण कंपनीने दिलेली वस्तू म्हणून सगळ्यांनी ते गोड मानून घेतलं.

विभागाची मॅडम काकांच्या मुलीच्या वयाची. मनाने चांगली. माणसं घरोघरी विखुरली तरी तुटता कामा नयेत, याचा तिने ध्यासच घेतला होता. दर शुक्रवारी संध्याकाळी सगळ्यांनी कॅमेरा लावून गप्पा मारायला बसायचं. रोज सकाळी आपलं मन आज कसं आहे, ते हसऱ्या किंवा रडक्या चेहऱ्याचं चित्र टाकून कळवायचं. काका रोज हसरा चेहरा टाकत. एकदा बोट चुकून रडका गेला, तर दिवसभर आठ जणांचे फोन.

आणि तो दिवा. स्क्रीनवर प्रत्येकाच्या नावापुढे एक ठिपका होता. माऊस हलत असला की हिरवा, थोडा वेळ थांबला की पिवळा. पिवळा झाला की मॅडमचा निरोप यायचा, “काका, सगळं ठीक ना?” ती हे पाळत ठेवायला विचारत नसे, खरोखर काळजीनेच विचारत असे, आणि म्हणूनच जास्त पंचाईत व्हायची. काळजी करणाऱ्या पोरीला झोपलो होतो म्हणून कसं सांगायचं?

काका कामचुकार नव्हते. लोकांच्या तक्रारींना उत्तरं लिहायचं काम ते दुपारपर्यंत हातावेगळं करत. भांडं अडकलं, पातं फिरत नाही, झाकणातून चटका बसला, सगळं त्यांना पाठ. पण दुपारनंतर घर खायला उठायचं. बायको दवाखान्यात रक्त तपासायच्या कामाला, ती संध्याकाळी उशिरा यायची. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. इतकी वर्षं कानांना माणसांच्या गलक्याची सवय झालेली, आणि आता फक्त पंखा आणि शेजारच्या नळाचा आवाज. एके दिवशी त्यांना डुलकी लागली, दिवा पिवळा पडलेला आईने पाहिला, आणि तिने आपण होऊन माऊस हलवला. तिथून हे सुरू झालं.

खरं सांगायचं तर आईलाच त्याची गोडी लागली होती. गुडघे गेल्यापासून घरात तिला कुणी काम सांगत नसे. आता मात्र जेवण झालं की ती केस विंचरून, चष्मा पुसून तयार. स्क्रीनवरच्या तक्रारीही वाचायची. “अरे, ती झाकण फुटलेली बाई सकाळपासून थांबलीय. जीव नाही का तिला?” असं म्हणून काकांनाच दटावायची.

त्या शुक्रवारी आईला खुर्चीत बसवून काका नेहमीप्रमाणे जुन्या ऑफिससमोरच्या चहाच्या टपरीवर गेले. तिथे पॅकिंग विभागातून कमी केलेला ढोल्या आणि त्या इमारतीचा राखणदार असे दोघे भेटायचे. बाकी काही नाही, तिघं बाकड्यावर बसून चहा पीत आणि ऑफिसातल्या जुन्या लोकांची टिंगल करत.

“काय रे, तुला रोज कशी सुट्टी?” ढोल्याने विचारलं.

“छे! मी आत्ता कामावर आहे,” काका म्हणाले आणि उंदराची सगळी हकीकत त्यांनी रंगवून सांगितली. आई कशी चष्मा लावून बसते, कशी दटावते, त्याची नक्कलही करून दाखवली. राखणदाराला हसताना ठसका लागला.

“म्हणजे म्हातारीला नोकरीला लावलंस की!” ढोल्या म्हणाला. “पगार देतोस का?”

काकाही हसले. हसता हसता कुठेतरी बारीक टोचलं, पण खूप दिवसांनी आपल्या बोलण्यावर कुणी असं मोकळेपणाने हसलं होतं. स्क्रीनवर माणसं हसायची ती आवाज बंद ठेवून, नुसते दात दिसायचे. त्यांनी आणखी एक चहा मागवला. मग राखणदाराने जुन्या साहेबाच्या भांडणाचा किस्सा काढला, मग तिसरा चहा झाला. आई खुर्चीत अडकून बसली आहे हे काकांना आठवत नव्हतं असं नाही. आठवत होतं. पण उठवत नव्हतं.

पैसे द्यायला खिशात हात घातला तेव्हा फोन हाताला लागला. त्यावर निरोपांची रांग लागली होती. पहिला मॅडमचा, आजच्या गप्पा लवकर सुरू करतोय. त्याखाली पोरांचे, “काका, तुमच्या आई कसल्या भारी आहेत!” “काका, आजींनाच टीममध्ये घ्या!”

चहाचे पैसे ढोल्याच्या हातात कोंबून काका पळत सुटले. या वयात त्यांना पळताना बघून रस्त्यावरची माणसं वळून बघत होती.

दार उघडलं तेव्हा आत हसण्याचा गजर चालला होता. स्क्रीनवर सगळ्यांचे चेहरे चौकटी चौकटीत मांडलेले आणि त्यांच्यापुढे आई. घंटी वाजायला लागल्यावर उचललं नाही तर दिवा जाईल, या भीतीने तिने काकांना दाबताना पाहिलं होतं ते बटण दाबलं होतं.

“हा बघा, आला!” आई स्क्रीनकडे बघत म्हणाली.

“या या, काका,” मॅडम म्हणाली. “आता बरं वाटतंय का? आई म्हणाल्या, तुमचं पोट बिघडलंय, दुपारपासून संडासात फेऱ्या चालल्यात.”

लहानपणी खोटं बोललो म्हणून जिने आपल्याला दिवसभर उपाशी ठेवलं होतं, ती आई! काकांनी तिच्याकडे पाहिलं, पण ती त्यांच्याकडे बघत नव्हती. त्यांनी पोटावर हात ठेवला आणि चेहरा कसनुसा केला. “हो, जरा... सकाळपासूनच,” ते म्हणाले.

“मग जास्त वेळ घेत नाही. पण आनंदाची बातमी आहे. या महिन्यापासून आपण सगळ्यांत जास्त जोडलेला सहकारी निवडणार आहोत. सगळ्यांत जास्त वेळ हिरवा दिवा कुणाचा, माहितीये? काकांचा! इतक्या वर्षांनंतरही एवढी ओढ! काका, या ना पुढे, दोन शब्द बोला.”

टाळ्या वाजू लागल्या. काकांचे कान तापले. आता कधी एकदा हे आटोपतंय असं त्यांना झालं.

“आई, ऊठ,” ते हळूच म्हणाले.

“तू तिथूनच बोल की.”

“अगं, नीट दिसत नाही मी त्यांना. ऊठ.”

“राहू दे ना रे,” आई म्हणाली. चेहऱ्यावर मघाचंच हसू होतं, पण दोन्ही हातांनी तिने टेबलाची कड घट्ट धरली होती.

काकांनी ते पाहिलं. पाहिलं आणि तरीही त्यांना वाटलं, म्हातारीला चार लोक हसवायची हौस आली आहे. ते कॅमेऱ्याकडे बघून हसले, दातांवर दात दाबून “ऊठ म्हणतो ना,” असं म्हणाले आणि बगलेत हात घालून त्यांनी तिला ओढून उभं केलं. खुर्ची मागे पळाली. आई तोल जाऊन काकांकडे वळली आणि तिची पाठ कॅमेऱ्यासमोर आली.

तिचे कपडे मागून खालपर्यंत भिजले होते. खुर्चीची गादीही भिजली होती. तो वास आत्ता काकांच्या नाकात शिरला.

टाळ्या थांबल्या. कुणीतरी एक जण उशिरापर्यंत वाजवत राहिला आणि मग तोही थांबला. आईने मान इतकी खाली घातली की काकांना तिचा भांग दिसत होता, आज जेवणानंतर सरळ काढलेला. कॅमेरा बंद करायला हवा होता. पण एका हातात आई, दुसऱ्या हाताने ते बटण शोधत होते आणि इतक्या महिन्यांची ओळख असलेलं ते बटण त्यांना सापडेना.

मॅडमची चौकट काळी झाली. मग तिच्या शेजारची झाली, मग खालची. एकेक करून सगळ्या पोरांनी आपापले कॅमेरे बंद केले. शेवटी स्क्रीनवर एकच चौकट उजळ राहिली, आणि तीत काका आणि आई उभे होते. काकांनी लॅपटॉपचं झाकण लावून टाकलं.

न्हाणीघराच्या दाराशी आईने त्यांचा हात सोडवून घेतला. “धुतलेले कपडे बाहेर ठेव आणि जा,” ती म्हणाली.

“पडशील, आई. मी धरतो.”

“जा म्हटलं ना.”

काका दाराबाहेर भिंतीला टेकून उभे राहिले. आत पाण्याचा आवाज येत होता. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते त्यांना कळलं. ते आईला कधी टाकून बोलले नव्हते, तिच्या औषधाची वेळ त्यांनी चुकवली नव्हती. चांगला मुलगा म्हणून चार घरांत त्यांचं नाव होतं, आणि त्यांना स्वतःलाही ते पटत असे.

“हाक का नाही मारलीस कुणाला?” न राहवून त्यांनी दाराला तोंड लावून विचारलं. “शेजारची आली असती.”

पाणी थांबलं. “ती स्क्रीनवरची सगळी ऐकत होती ना,” आतून आई म्हणाली. “तू घरातच आहेस म्हणून मी सांगून बसले होते. मुलगा घरात असताना शेजारणीला हाक कशी मारू?”

काकांनी गादी काढून साबणाने घासली आणि खुर्ची धुऊन बाहेर ठेवली. मधेच फोनवर मॅडमचा निरोप आला. “काका, आज कुणीही काही पाहिलं नाही. आईंची काळजी घ्या.” मी घरात नव्हतो, असं उत्तर काकांनी लिहिलं. ते त्यांनी वाचलं आणि पुसलं. मग नुसतं “हो” असं लिहून पाठवलं.

दिवेलागणीला बायको आली ती दारातूनच विचारत. “ही खुर्ची का धुतलीत? गादी चिंब आहे सगळी.”

काका स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. त्यांनी तोंड उघडलं.

“माझ्या हातून पाण्याचा जग सांडला गं,” पलंगावरून आई म्हणाली.

“अहो आई, किती वेळा सांगितलं, त्या टेबलाशी पाणी नेत जाऊ नका म्हणून. ते मशीन बिघडलं असतं म्हणजे? यांच्या नोकरीवर आलं असतं.”

“चुकलं माझं,” आई म्हणाली.

“मुद्दाम नाही बोलत हो मी. पण जपायला हवं,” बायको म्हणाली आणि हातपाय धुऊन पोळ्या लाटायला बसली.

काका आईजवळ जाऊन पलंगाच्या कडेला टेकले.

“आई, मी तिला खरं सांगू का?” त्यांनी हळूच विचारलं.

“काय सांगशील?” आई म्हणाली.

काका विचार करू लागले. आपली लाज सांगायची म्हटलं तर आधी आईची सांगावी लागणार होती. एक उघडी केल्याशिवाय दुसरी उघडी होत नव्हती. आणि आपण गप्प बसतो आहोत ते आईसाठी की आपल्यासाठी, हे त्यांचं त्यांनाही सांगता येईना.

आतून पोळीचा खरपूस वास आला. आईने गुडघ्यांवरचे कोरडे कपडे दोन्ही हातांनी सारखे केले आणि सून जेवायला बोलावेपर्यंत ती ताठ बसून राहिली.