संगणकाखालचा शब्दकोश

मित्रांनो, काल दुपारपर्यंत मी संगणकाच्या पडद्याखाली दडपलेला होतो. मी एक जुना, जाडजूड इंग्रजी शब्दकोश आहे. पडदा डोळ्यांसमोर यावा म्हणून मला खाली सरकवले होते. ते काम विटेनेही केले असते!

भाषांतराच्या या कचेरीत पूर्वी माझा मान मोठा होता. मालकीणबाईंनी मला टेबलाच्या मधोमध ठेवले होते. दिसायला जुळे पण अर्थाने एकमेकांना न ओळखणारे असे कितीतरी दुर्मिळ शब्द त्यांच्या वाटेत येत. "शंका आली की कोणीही बघतं गं. खात्री वाटते ना, तेव्हा आधी उघड," असे त्या हाताखाली शिकणाऱ्या भाचीला बजावत. स्वतःला पाठ असलेला शब्दही त्या माझ्यात पाहत. त्यांच्या बोटांनी माझी पाने मऊ झाली होती.

पुढे बाई थकल्या आणि घरी बसल्या. भाची खुर्चीत आली आणि मी पडद्याखाली गेलो. तिला सगळेच येत होते ना!

एकदा एक गृहस्थ, घसरून पडलेल्या वडिलांचा इंग्रजी तपासणी अहवाल भाषांतरासाठी घेऊन आले. 'इलियम'ला बारीक चीर गेली आहे, असे त्यात होते. या उच्चाराचे, लिहिताना एकाच अक्षराने वेगळे होणारे दोन शब्द माझ्या एकाच पानावर राहतात. एक म्हणजे आतड्याचा भाग, दुसरा म्हणजे कमरेचे हाड. भाचीने बेधडक आतडे लिहिले. मी तिच्या नाकासमोर होतो, पण मला विचारतो कोण?

काल ते गृहस्थ तणतणत आले.

"अहो, आतड्याला काही झालेलंच नाही! हाड मोडलंय कमरेचं. तुमचा कागद वाचून, पोट हलकं राहावं म्हणून आठवडाभर आम्ही बाबांना रोज चालवलं. ते कळवळायचे, तर मी म्हणायचो, नाटकं करू नका!"

भाचीचा चेहरा पांढराफटक पडला. तिने मला ओढून काढले आणि पान शोधले.

"मला वाटलं, मला येतंय," ती पुटपुटली.

"मग हे बाबांना येऊन सांगा."

ती त्यांच्याबरोबर गेली. त्या गृहस्थांच्या वडिलांवर आता शस्त्रक्रिया करावी लागणार आहे. माझा संताप कसा शमावा?

मित्रांनो, मला मखमलीत गुंडाळू नका, माझे कौतुकही नको. पण सगळे येते असे वाटेल, तेव्हा एकदा माझे पान उलटा. कंटाळा तुम्ही करता आणि कळा मात्र दुसऱ्याच कुणाला तरी सोसाव्या लागतात.