विठ्ठलरावांचा नकार

"आई, पाय धर बाबांचा! घट्ट धर!" सूरज ओरडला आणि तेवढ्यात विठ्ठलरावांची लाथ गोदाबाईंच्या तोंडावर बसली. त्या भिंतीवर आदळल्या. ओठ फाटून रक्त हनुवटीवर आलं.

शकू सिस्टर नळी हातात धरून उभी होती. मोहने गावातल्या या घरात दहा दिवसांत ती तिसऱ्यांदा आली होती. विठ्ठलरावांनी एकतीस वर्षं ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात प्रेस मशीन चालवलं होतं. अर्धांगवायूच्या झटक्यात उजवं अंग गेलं, वाचा गेली, घासही गिळता येईना. आठ महिने नाकातल्या नळीतून पोटात दूध जात होतं. पण आता ते डाव्या हाताने नळी उपसून टाकत. म्हणून सूरजने तो हात पलंगाला बांधला होता. मनगट सोलून निघालं होतं.

"घाला सिस्टर, पटकन!"

शकूने नळी सरकवली. विठ्ठलरावांनी मान हिसडली, नाकातून रक्ताची धार लागली. सूरजने खाडकन बापाच्या थोबाडीत मारली.

म्हातारा मुलाकडे बघत राहिला.

वॉर्डात बावीस वर्षं शकूने अशा शेकडो नळ्या घातल्या होत्या. पेशंटला कधी विचारलं नव्हतं. तिने नळी बाहेर ओढली.

"यांना समजतं का सगळं?"

"समजतं की," गोदाबाई पदराने ओठ दाबत म्हणाल्या. "बातम्या लावल्या की मान हलवतात."

शकू वाकली. "काका, नळी नसेल तर पोटात काही जाणार नाही. चमच्याने दिलं तर ठसका लागेल, छातीत जाईल. जीव जाईल तुमचा. तरी नको?"

विठ्ठलरावांनी मान हलवली. नको.

"ए, काय विचारतेस तू?" सूरजने तिचा दंड पिरगळला. "माझ्या बापाला मारायला आलीस काय?"

त्याने तिच्या हातातली नळी हिसकावली आणि स्वतःच बापाच्या नाकात खुपसली. विठ्ठलराव घुसमटले. डोळे पांढरे झाले, ओठ काळेनिळे पडले. नळी श्वासनलिकेत गेली होती. शकूने सूरजच्या छातीवर कोपर मारलं, त्याला ढकललं, नळी खेचून काढली. बराच वेळ खोलीत फक्त म्हाताऱ्याचं खोकणं होतं.

सूरज जमिनीवर बसला. "उपाशी कसा मारू हो मी त्यांना? मला नोकरीला त्यांनी लावलेलं. सकाळी स्वतः डबा भरून द्यायचे."

"डॉक्टरांना बोलव," शकू म्हणाली. "त्यांच्यासमोर परत विचारू. मी थांबते." तिने मनगटाची गाठ सोडली.

संध्याकाळी डॉक्टर आले. त्यांनी एकच प्रश्न तीनदा वेगवेगळ्या शब्दांत विचारला. उत्तर तेच आलं. नळी नको. जे मागतील ते चमचाभर द्या, त्रास झाला तर औषधं लिहून देतो, म्हणाले.

शकू घरी गेली, पण झोपली नाही. आपण माणूस वाचवला की मारला, हे तिला ठरवता येईना.

त्यानंतर अकराव्या दिवशी सकाळी कल्याणला जाताना फोन आला. तिने स्कूटर बाजूला घेतली.

"सिस्टर, सूरज बोलतोय. बाबा गेले."

"त्रास झाला?"

"खोकले खूप." तो थांबला. "काल आंब्याकडे बोट दाखवलेलं. रस काढून दिला."

"खाल्ला?"

"दोन चमचे. तिसरा मागितला."

शकूने फोन कानाला तसाच धरून ठेवला.