गोणपाटात गुंडाळलेला फाळ

“फाळावर टोला पडला की कामावरनं हात उचलायचा. बैलालाबी इसावा देतो आपण, ही तर माणसं हायेत!”

बबनरावांचे हे शब्द अजून माझ्या लोखंडात घुमतात. मित्रांनो, तो फाळ म्हणजे मीच. महाळुंग्याच्या लोहाराने मला लालबुंद तापवून घडवले आणि मी बबनरावांच्या नांगराला लागलो. बैलांच्या तोंडाला फेस यायच्या आधीच ते औत थांबवत, बांधावर पाणी पाजत. मग बैल अशा जोमाने ओढत की विचारू नका!

पुढे शेतांच्या जागी कंपन्या आल्या. बबनरावांनीही पत्रा कापायची शेड टाकली आणि मला दाराशी टांगले. कामगार कामाला बसले की मोबाइल नाही, गप्पा नाहीत. ठरल्या वेळी माझ्यावर हातोडीचा टोला पडे. सगळे बाहेर येत, पाणी पीत, मान मोकळी करत. पुन्हा टोला, पुन्हा काम.

शेजारचे शेडवाले हसायचे, “बबनराव, शाळा काढली का काय?”

“व्हय! पण माझ्या शाळंत कुणी डुलक्या घेत न्हाई.”

हे जग सोडून जाताना त्यांनी नातवाचा, जयदीपचा हात धरला. “टोला चुकवू नको, बाळा.”

“नाही चुकवणार, आबा.”

मग मोठी ऑर्डर आली. खंडेनवमीला जयदीपने मला हळदकुंकू लावले, झेंडूची माळ घातली. मी सुखावलो. आणि दसरा सरताच त्याने त्या माळेवरूनच मला गोणपाट गुंडाळले! माझा तर विश्वासच बसेना.

टोला देण्याचे काम जयमालाताईंचे. त्या हळूच म्हणाल्या, “दादा, आबांचा नेम हाय तो.”

“ऑर्डर गेली की सोडतो ना, ताई. घाई आहे.”

पूजा झाली, ऐकणे मात्र बंद झाले.

आणि एका दुपारी एकाएकी किंकाळी फुटली. वर्षालीची! पोर सकाळपासून मशीनवरून उठली नव्हती, तिला डुलकी लागली होती. गोणपाटातून मला काहीच दिसेना. यंत्रे थांबली.

“हातमोजा पात्याखाली अडकलाय!”

“वर्षाली, हात दाखव गं! हात दाखव!”

मी लोखंडाचा, पण गार पडलो.

“हायेत!” जयमालाताई रडतच ओरडल्या. “पाचीच्या पाची बोटं हायेत!”

देवाची कृपा, हातमोज्यावर निभावले. पण प्रत्येक वेळी तसे होईलच असे नाही. म्हणून सांगतो मित्रांनो, बसाल तेव्हा मन लावून बसा आणि वेळ झाली की उठा. विसावा म्हणजे आळस नव्हे. आणि तुम्हाला थांबा म्हणणाऱ्याला नुसता हार घालू नका, त्याचे ऐका.

दुसऱ्या दिवशी शेड उघडायच्या आधीच पावले वाजली. गोणपाट सुटले. वाळलेली माळ खाली पडली. समोर जयदीप होता, डोळे सुजलेले. त्याने रुमालाने मला पुसले, कोपऱ्यातली हातोडी उचलली आणि पहिल्या टोल्याच्या वेळेची वाट बघत माझ्याजवळ उभा राहिला.