कमलताईंची आखाजी

लोधीपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत दिवसभर यंत्रमागांचा खडखडाट चालतो आणि वीज गेली की एकाएकी थांबतो. त्या शांततेत सगळी गल्ली सुस्कारा टाकते. माझ्या थोरल्या जाऊबाई कमलताई मात्र हातातलं काम तसंच ठेवून दाराकडे बघत राहतात. मान किंचित वाकलेली, श्वास आखडलेला, वैशाखाचं पांढरं ऊन अर्ध्या चेहऱ्यावर. माग पुन्हा सुरू झाले की त्यांचे खांदे हळूहळू खाली येतात. नवी नवरी होते तेव्हा मला याचं हसू यायचं.

त्या तुकईथडला, केळीच्या बागेशेजारच्या घरात वाढल्या. वडील दारू पीत नसत. मुद्दाम सांगते, कारण लोक आधी तेच विचारतात. त्यांचा राग कोरडा होता. शेतावरून आले की काही वेळ कोणाशी बोलत नसत. घर गप्प व्हायचं, आणि मग हाताला लागेल ते आणि समोर असेल तो. धाकट्या दिनकरला कणगीमागे बसवून कमलताई पुढे व्हायच्या. आई भिंतीकडे तोंड करून भाकरी थापत राहायची.

आज ताईंना नातवंडं आहेत, तरी त्यांच्या हातून भांड्याला भांडं लागत नाही. भाऊजी चिडवतात, "हिच्या हातून ताट पडलं तर मी गल्लीत दराब्याची मिठाई वाटीन." ताई हसतात, पण हसण्याआधी आजूबाजूला बघून घेतात. छातीत धडधडतं म्हणून त्यांना डॉक्टरांकडे नेलं. हृदय ठणठणीत निघालं. डॉक्टरांनी हळूच विचारलं, "बचपन में कुछ हुआ था?" ताई म्हणाल्या, "नहीं जी, सब अच्छा था." झोपेच्या गोळ्या घेऊन आम्ही घरी आलो.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे भाऊ मुराळी होऊन बहिणीला न्यायला येतो. सासुरवाशिणी माहेरी झोके घेतात, आणि घरातल्या गेलेल्यांच्या नावानं पाण्याच्या घागरी भरल्या जातात. दिनकर दरवर्षी यायचा. ताई त्याला आमरस-पोळी जेवू घालून एकट्यालाच परत पाठवायच्या. यंदा मात्र वडील नव्हते, हिवाळ्यातच गेले. "अक्का, आता तं आप्पा नाही घरात," दिनकर म्हणाला. "आता कशाले भ्यायचं?" आम्हालाही ते पटलं. काटा निघाला की पाय चालू लागतो, एवढंच आम्हाला ठाऊक. ताई बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या आणि मग निघाल्या. सोबतीला मी गेले.

घर नव्यानं रंगवलेलं होतं, दारावर आंब्याचं तोरण होतं. दिनकरच्या बायकोनं पायावर पाणी घातलं, आणि उंबऱ्याशी ताईंचे पाय थांबले. मी त्यांचा हात धरला.

"मले आत नाही जमत, दिनकर," त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत ही गोष्ट त्यांनी पहिल्यांदा उच्चारली होती.

दिनकरनं वाद घातला नाही. पाट, घागरी, खरबुजं, नैवेद्याचं ताट, एकेक करून सगळं त्यानं अंगणातल्या निंबाखाली आणलं. आधीच गेलेल्या आईच्या घागरीत ताईंनी पाणी ओतलं, सावकाश, काठोकाठ. मग वडिलांची घागर पुढे आली. ताईंनी तांब्या उचलला, तसाच धरून ठेवला, आणि खाली ठेवला.

"माह्याच्यानं नाही होत."

"राहू दे, अक्का," दिनकर म्हणाला. "माह्या वाटचं तू सोसलं. तुह्या वाटचं पानी मी टाकतो."

त्यानं दोनदा ओतलं. मला त्या मेलेल्या माणसाचा विलक्षण राग आला, आणि सणाच्या दिवशी तो आला याचं वाईटही वाटलं नाही. ताई भावाच्या बाजूला पाटावर टेकल्या. मधूनच त्याच्या सदऱ्याला लागलेली माती झटकत राहिल्या.

माणूस गेला की त्याची जागा रिकामी होते असं आपण म्हणतो. काही माणसं गेल्यावरही जागा सोडत नाहीत, आणि काळ त्यांना तिथून उठवतही नाही. नशीब असेल तर तो शेजारी बसायला एखादा दिनकर देतो.