आपापली बादली

सोसायटीच्या मीटिंगला माणसं आपणहून येतात, यावर बिबवेवाडीत कोणी विश्वास ठेवणार नाही. पण ओल्या कचऱ्याचा विषय निघाला त्या रविवारी सगळी आली. कचरा जागीच जिरवा, असा महापालिकेचा आग्रह होता, आणि जिरवायचा तर तो आमच्या गॅलरीखाली नको, एवढं सांगायला प्रत्येकाला हजर राहणं भागच होतं. भांडूनतंडून मागच्या भिंतीलगत विटांचे हौद बांधायचं ठरलं. आता यात लक्ष कोण घालणार, असं सेक्रेटरी शौनकने विचारल्यावर मात्र सगळे पंख्याकडे बघायला लागले. तेव्हा दीक्षा म्हणाली, "मी बघते."

शेजारच्या खुर्चीत तिचे वडील सुखदेव बसले होते. खडकीच्या कारखान्यात जन्मभर दारूगोळ्यापाशी वावरून कधी न दचकलेला हा माणूस, लेकीच्या त्या दोन शब्दांनी दचकला. पण चारचौघांत काय बोलणार? 

सुरुवातीला चार-पाच घरंच होती. ज्याने त्याने आपली बादली खाली आणायची, हौदात ओतायची, वरून वाळका पाला पसरायचा. कंपनीच्या कामाला बसण्याआधी दीक्षा खाली जाऊन एक नजर टाकून यायची. पोरीचा नाद आहे, उतरेल, असं सुखदेवांनी मनाशी म्हटलं. नाद उतरला नाही. पहिलं खत निघालं ते काळंभोर आणि चहाच्या पावडरीसारखं मोकळं. ते कुंड्यांत पडलं, जास्वंदी फुलल्या, मग याचं बघून त्याने असं करत अख्खी सोसायटी सामील झाली. शेजारच्या सोसायटीची मंडळीही येऊन बघून गेली.

घरं वाढली तसे लोकांचे पाय जड झाले. कोणाला ऑफिसची घाई, कोणाचे गुडघे, कोणाला कुकरची शिट्टी. बादल्या दाराबाहेर जिन्यात दिसू लागल्या. "जाताजाता एवढी नेतेस का गं?" असं करत करत दीक्षाच त्या गोळा करायला लागली. तिला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. तिची आई ललिताही कौतुकाने बघायची. सुखदेवांनी मात्र गॅलरीतली खुर्ची हळूच आतल्या बाजूला वळवून घेतली.

"अहो, लेक खाली राबतेय आणि तुम्ही पाठ फिरवून बसता. झालंय काय?"

"काही नाही," सुखदेव म्हणाले. काही नाही असं माणूस या सुरात म्हणतो तेव्हा पुष्कळ काही असतं, हे ललिताला लग्नापासून ठाऊक होतं.

ते बाहेर पडलं एका रविवारी दुपारी. दीक्षा खालून आली, हात धुऊन वडिलांशेजारी जेवायला बसली. सुखदेवांनी आपलं ताट बाजूला ओढलं.

"आंघोळ करून ये."

"हात धुतलेत पप्पा, साबणाने."

"आंघोळ कर म्हटलं ना!"

या घरात असं कधी कोणी कोणाला बोललं नव्हतं. दीक्षाचे डोळे भरून आले. ते पाहिलं आणि आपण काय बोलून बसलो हे सुखदेवांना कळलं. 

"बस," ते म्हणाले. "उठू नकोस. चुकलो मी. तुझी आजी महापालिकेत होती, एवढंच तुला माहीत आहे ना?"

दीक्षाने मान हलवली.

"झाडूवाली होती. बुधवार पेठेत रस्ते झाडायची. घरी आली की आम्हाला जवळ घ्यायच्या आधी आंघोळ करायची. आम्ही मोरीबाहेर वाट बघत बसायचो. एकदा डबा विसरली म्हणून मी तो घेऊन गेलो. ती झाडत होती आणि वरच्या मजल्यावरून कोणीतरी सालपटांचं पुडकं टाकलं. तिच्या खांद्यावर पडलं. तिने ते नुसतं झटकलं, वर पाहिलंसुद्धा नाही. मग तिला मी दिसलो." सुखदेवांनी पाण्याचा घोट घेतला. "कचऱ्याचं तिला काही वाटलं नव्हतं गं. मी पाहिलं, त्याचं वाटलं. त्या दिवशी मला पोटाशी धरून म्हणाली, हे माझ्यापाशी संपणार. तुझ्या हातात लोकांचा कचरा येणार नाही, तुझ्या लेकरांच्याही येणार नाही. आणि आता तू…"

 ललिता भाकरी हातात घेऊन तशीच उभी राहिली होती. एवढं सगळं तिलाही माहीत नव्हतं.

"मला आधी का नाही सांगितलं?" दीक्षाने विचारलं. मग तीच म्हणाली, "सोडते मी, पप्पा. उद्या सांगते सगळ्यांना."

सुखदेवांना हेच हवं होतं. पण ऐकल्यावर बरं वाटलं नाही. लेकीचा चेहरा पार उतरला होता. खतात हात घालताना ही पोरगी किती खुशीत असते, ते त्यांनी खुर्ची वळवण्याआधी पाहिलं होतं. ते तिच्यापासून काढून घेणारे आपण कोण? आणि काढून नाही घेतलं, तर आईला काय तोंड दाखवायचं? रात्रभर त्यांनी कूस बदलली.

सकाळी दीक्षा शेवटच्या वेळी बादल्या न्यायला निघाली. तेवढ्यात खालच्या मजल्यावरून शौनकचा आवाज आला, "दीक्षाऽ, आमची राहिली बघ! आज वास मारतीये, लवकर ने." आणि दार बंद झालं. शौनक काही वाईट माणूस नव्हे, पण तो सूर सुखदेवांनी फार पूर्वी, आईला हाका मारणाऱ्यांच्या तोंडी ऐकलेला होता. ते चपला न घालताच बाहेर आले.

जिन्यात आनंदीबाई एकेक पायरी जपून उतरत होत्या. या सोसायटीच्या जागी पूर्वी त्यांचं शेत होतं. दीक्षा त्यांच्या हातातली बादली घेऊ पाहत होती.

"नगं बाई," त्या म्हणाल्या. "म्या खाल्लं, म्याच टाकीन. माजं काय हात मोडल्यात व्हय?"

सुखदेव जागच्या जागी थबकले. मग सरळ जाऊन त्यांनी शौनकची बेल दाबली.

"सेक्रेटरीसाहेब, आपली बादली जिन्यात राहिली आहे."

"हो काका, दीक्षा नेते ना रोज."

"ती नेते, कारण ती चांगली आहे. आपण का ठेवता?"

 "काका, ऑफिसचा कॉल आहे हो माझा."

"तिलाही असतो."

आता आजूबाजूची दारं किलकिली झाली होती.  तरी सुखदेवांचा आवाज खाली गेला नाही.

"माझी आई, मालनबाई, आयुष्यभर लोकांचा कचरा उचलायची. तिला दुसरा मार्ग नव्हता. माझ्या मुलीला आहे. ती खत करेल, हौसेने करेल, तुम्हालाही शिकवेल. पण यापुढे ती कोणाची बादली उचलणार नाही."

या इमारतीत इतकी वर्षं राहून हे त्यांनी कधी कोणाला सांगितलं नव्हतं.  शौनकचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता. "सॉरी, काका. खरंच लक्षात आलं नाही," तो म्हणाला, आणि अर्ध्या चड्डीवर, बादली अंगापासून लांब धरून जिना उतरू लागला. त्याच्यामागे आणखी दोन दारं उघडली.

सुखदेव वर गेले, आपल्या ओट्याखालची बादली घेऊन खाली आले. हौदापाशी दीक्षा डोळे पुसत उभी होती.

"द्या, पप्पा."

"नको. माझी मी ओततो."

त्यांनी बादली उपडी केली, पाला पसरला, अगदी नीट, कोपऱ्यापर्यंत. मग विचारलं, "हौदातलं हे वर-खाली कोण करतं?"

"आता पाळ्या लावू."

"मग मला सोमवार दे."

दीक्षा त्यांच्याकडे बघत राहिली. "आजी रागावली असती का हो?"

सुखदेवांनी खरोखरच विचार केला. "आधी रागावली असती," ते म्हणाले. "मग त्या शौनकला बादली नेताना बघून पोट धरून हसली असती."

"आजी हसायची?"

"म्हणजे काय!" सुखदेव हौदाच्या कठड्यावर टेकले, लेकीला शेजारी बसवलं, आणि आपली आई कशी हसायची ते तिला सांगू लागले.